घटक ४ : आकाशाखालचा पडदा – खुल्या चित्रपटगृहांचे आकर्षण आणि आव्हाने

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर तुम्हांला –
• बंदिस्त आणि खुल्या चित्रपटगृहांतील मूलभूत फरक स्पष्ट करता येईल.
• निरनिराळ्या भाषांनी खुल्या चित्रपटगृहाला दिलेल्या नावांमागील दृष्टी सांगता येईल.
• ग्रीस, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, स्वित्झर्लंड, फिनलंड आणि महाराष्ट्र येथील उदाहरणांची तुलना करता येईल.
• आपल्या परिसरातील फिरत्या सिनेमाच्या आठवणींचे आणि शब्दांचे संकलन करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण चित्रपटगृह या बंदिस्त वास्तूचा विचार केला. या घटकात त्या वास्तूचे छप्पर काढून टाकल्यास काय होते, याचा विचार करावयाचा आहे.

चित्रपट दाखविण्यासाठी मुळात तीनच गोष्टी लागतात : अंधार, प्रकाशाचा झोत आणि तो झोत अडविणारा पांढरा पृष्ठभाग. छप्पर त्यांत येत नाही. तरीही जगभर चित्रपटगृहे बांधली गेली ती छपराचीच. कारण छप्पर आणि भिंती यांमुळे चालकाच्या हाती चार गोष्टींचे नियंत्रण येते. भरदुपारी अंधार करता येतो, आवाज आतल्या आत कोंडून ठेवता येतो, पाऊस-वारा बाहेर ठेवता येतो आणि दारातून कोण आत आले याचा हिशेब ठेवता येतो. अंधार, आवाज, हवामान आणि प्रवेश ही ती चार सूत्रे होत. खुल्या चित्रपटगृहात ही चारही नियंत्रणे सैल होतात. ज्या मोकळेपणाच्या ओढीने प्रेक्षक येतो, त्याच मोकळेपणामुळे चालकाची अडचण होते. आकर्षण आणि आव्हान यांचे मूळ असे एकच आहे, हे या घटकाचे मध्यवर्ती प्रतिपादन आहे. पुढील प्रत्येक उदाहरण वाचताना ही चार सूत्रे हाताशी ठेवावीत.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ नावांतून दिसणारी दृष्टी

एखाद्या वस्तूचा कोणता विशेष भाषेला महत्त्वाचा वाटला, हे पुष्कळदा तिच्या नावावरून कळते. ग्रीक भाषेत खुल्या चित्रपटगृहाला ‘थेरिनो सिनेमा’ म्हणतात आणि स्पॅनिशमध्ये ‘सिने दे वेरानो’. दोन्हींचा अर्थ ‘उन्हाळी सिनेमा’. भूमध्य सागराकाठच्या या भाषांनी नाव देताना ऋतू पाहिला. जर्मन भाषेतील ‘फ्रायलुफ्टकिनो’ या शब्दाचा अर्थ ‘मोकळ्या हवेतील सिनेमा’. येथे हवा पाहिली गेली. इटालियन लोक ‘अरेना’ म्हणतात. लॅटिनमध्ये या शब्दाचा मूळ अर्थ वाळू. प्राचीन क्रीडागारांत जमिनीवर पसरलेल्या वाळूवरून तो क्रीडागाराचा वाचक झाला आणि तेथून उन्हाळी पडद्यापर्यंत आला. अमेरिकन इंग्रजीतील ‘ड्राइव्ह-इन’ या नावात ऋतूही नाही आणि हवाही नाही. त्यात मोटार आहे.

मराठीने पाहिले ते कापड. ‘गावात तंबू आला’ या वाक्याचा जत्रेच्या दिवसांतील अर्थ ‘सिनेमा आला’ असा होई. आधाराच्या नावाने आधेयाचा बोध करून देणारी ही लक्षणा आहे. शब्दशक्तींचा अभ्यास करताना तुम्ही पाहिलेली ‘सारा गाव लोटला’ यासारखी उदाहरणे येथे आठवावीत. याच व्यवहारातला दुसरा शब्द ‘खेळ’. तमाशाचा खेळ, सर्कशीचा खेळ आणि सिनेमाचाही ‘पहिला खेळ’, ‘दुसरा खेळ’. नव्या यंत्राला मराठीने जुन्याच करमणुकीच्या रांगेत बसविले. इंग्रजीतील ‘टॉकीज’ हे अनेकवचन मराठीत ‘टॉकीज बंद पडली’ असे स्त्रीलिंगी एकवचन झाले. शब्द परका असला तरी त्याचे व्याकरण मराठीने आपलेसे केले.

४.३.२ ग्रीस : बाग आणि शेजार

अथेन्समधील उन्हाळा कोरडा असतो. जून ते सप्टेंबर पाऊस क्वचितच पडतो. त्यामुळे चार सूत्रांपैकी हवामानाची चिंता तेथे जवळजवळ मिटते. इमारतींच्या मधल्या बागेत किंवा गच्चीवर एका भिंतीवर पडदा, खाली खडी, खुर्च्यांच्या मध्ये छोटी टेबले आणि भोवती जाई-बोगनवेलीचे वेल असे या चित्रपटगृहांचे रूप असते. अॅक्रोपोलिसच्या पायथ्याशी असलेले ‘थिसिओ’ हे चित्रपटगृह १९३५ पासूनचे. तेथे बसलेल्या प्रेक्षकाला पडद्याबरोबरच टेकडीवरचे प्रकाशित पार्थेनॉनही दिसते.

येथील अडचण आवाजाची आहे. उन्हाळ्यात सूर्य उशिरा मावळत असल्याने पहिला खेळ नऊच्या सुमारास सुरू होतो आणि दुसरा अकराच्या सुमारास. चोहोबाजूंच्या घरांत लोक झोपावयाच्या तयारीत असतात. म्हणून रात्रीच्या खेळाला आवाज कमी ठेवावा लागतो. येथे भाषेची एक सवय उपयोगी पडते. ग्रीसमध्ये परदेशी चित्रपट सामान्यतः ध्वनी न बदलता ग्रीक उपशीर्षकांसह दाखविले जातात. संवाद वाचावयाचे असल्यामुळे आवाज खाली आला तरी कथेचा धागा तुटत नाही. भाषांतराची पद्धती आणि शेजारधर्म यांचा असा अनपेक्षित मेळ येथे बसला आहे.

दुसरी अडचण जमिनीची. दुसऱ्या महायुद्धानंतर अथेन्समध्ये जागामालकाने जमीन द्यावयाची, बिल्डरने इमारत बांधावयाची आणि मोबदल्यात मालकाला काही सदनिका द्यावयाच्या, अशी पद्धत रूढ झाली. मुंबई-पुण्याच्या वाचकाला ती समजावून सांगण्याची गरज नाही. या बांधकामात अनेक बागा आणि त्यांतील पडदे नाहीसे झाले. पुढे उरलेल्यांपैकी काही उन्हाळी चित्रपटगृहांना ग्रीक शासनाने सांस्कृतिक वारसा म्हणून संरक्षण दिले.

४.३.३ ऑस्ट्रेलिया : भरतीचे पाणी आणि बसण्याच्या जागा

पश्चिम ऑस्ट्रेलियातील ब्रूम हे मोत्यांच्या शिंपल्यांच्या व्यापारावर वाढलेले बंदर. येथील ‘सन पिक्चर्स’ हे चित्रपटगृह १९१६ मध्ये सुरू झाले आणि आजही चालू आहे. जगातील सर्वांत जुन्या चालू खुल्या चित्रपटगृहांत त्याची गणना होते. पुढचा भाग पत्र्याच्या छपराखाली, मागचा भाग मोकळा आणि बसावयास कापडी आरामखुर्च्या, अशी त्याची रचना आहे.

ब्रूमच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतील अंतर नऊ मीटरहून अधिक असू शकते. १९७० च्या दशकात बांध घातला जाईपर्यंत मोठ्या भरतीचे पाणी थेट चित्रपटगृहात शिरत असे आणि प्रेक्षक पाय वर घेऊन चित्रपट पाहत. विमानतळ गावालगतच असल्याने आजही उतरणारे विमान पडद्यावरून खाली येते आणि त्याच्या आवाजात संवाद बुडून जातो. पर्यटकांना या गोष्टी मौजेच्या वाटतात आणि त्या आहेतही.

मात्र याच चित्रपटगृहाचा आणखी एक इतिहास आहे. ब्रूममध्ये युरोपीय, जपानी, चिनी, मलय, फिलिपिनो आणि मूळ रहिवासी असे अनेक समाज राहत. कित्येक दशके त्यांच्या बसण्याच्या जागा वंशानुसार ठरलेल्या होत्या. मधल्या चांगल्या जागा युरोपीयांच्या, इतरांच्या त्यांच्या मागे वा कडेला. मूळ रहिवाशांना तर वेगळ्या दाराने आत येऊन वेगळ्या भागात बसावे लागे. भरतीचे पाणी सर्वांच्या पायाशी सारखेच येई. खुर्ची मात्र सारखी नव्हती. छप्पर नाही म्हणजे भिंती नाहीत, असे समजणे चुकीचे ठरेल. चौथ्या सूत्राचा, म्हणजे प्रवेशाचा, विचार स्वतंत्रपणे करावा लागतो, तो यासाठी.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१) ‘थेरिनो सिनेमा’ या नावात कोणत्या घटकाला महत्त्व आहे?
२) अथेन्समध्ये दुसऱ्या खेळाला आवाज कमी ठेवणे उपशीर्षकांमुळे सोपे का जाते?
३) ‘गावात तंबू आला’ या वाक्यात कोणती शब्दशक्ती आहे?

४.३.४ अमेरिका : मोटारीचे छप्पर

न्यू जर्सी राज्यातील कॅम्डेनजवळ रिचर्ड हॉलिंग्सहेड यांनी ६ जून १९३३ रोजी पहिले ड्राइव्ह-इन चित्रपटगृह सुरू केले. त्याआधी त्यांनी घराच्या अंगणात प्रयोग केले होते. झाडांना पडदा बांधून, मोटारीच्या पुढच्या भागावर प्रक्षेपक ठेवून आणि बागेला पाणी देण्याच्या फवाऱ्याने कृत्रिम पाऊस पाडून काचेतून किती दिसते, हे त्यांनी तपासले. एका मोटारीमागे उभ्या असलेल्या दुसऱ्या मोटारीतून पडदा कसा दिसावा, ही खरी समस्या होती. प्रत्येक रांगेत मोटारीची पुढची चाके उंचावणारा उतार हे त्यावरील त्यांचे उत्तर. या रचनेचे स्वामित्वही त्यांना १९३३ मध्ये मिळाले. परंतु जमिनीला उतार देणे हा शोध होऊ शकत नाही, या अर्थाचा निकाल न्यायालयाने १९४९ मध्ये दिला. तोपर्यंत ही कल्पना देशभर पसरू लागली होती. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत अशी चार हजारांहून अधिक चित्रपटगृहे होती.

आकर्षण कोणते होते? लहान मुलांना घरच्या कपड्यांत आणता येई. ती रडली तरी शेजाऱ्याला त्रास नसे. ज्यांना चालणे किंवा अरुंद खुर्चीत बसणे अवघड, त्यांचीही सोय होई. अडचणी मात्र चारही सूत्रांच्या होत्या. सुरुवातीला पडद्याजवळ मोठे ध्वनिवर्धक होते. मागच्या रांगांना आवाज उशिरा पोहोचे आणि आसपासच्या वस्तीला नको असता पोहोचे. पुढे प्रत्येक मोटारीत अडकविण्याचे छोटे ध्वनिवर्धक आले आणि नंतर मोटारीतील रेडिओवरच आवाज येऊ लागला. अंधाराची अडचण कायद्याने वाढविली. उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे करण्याची पद्धत १९६६ च्या कायद्याने बहुतेक राज्यांत एकसारखी झाली आणि अंधार घड्याळानुसार तासभर उशिरा पडू लागला. दुसऱ्या दिवशी शाळा-कामावर जाणाऱ्या कुटुंबाला हा तास जड जातो. दूरचित्रवाणी, शहरालगतच्या जमिनींचे वाढते भाव आणि शेवटी फितीऐवजी संगणकीय प्रक्षेपक घेण्याचा खर्च यांमुळे ही संख्या आज काही शेकड्यांवर आली आहे. २०२० च्या महासाथीत, बंदिस्त चित्रपटगृहे ओस असताना, उरलेल्यांना काही काळ पुन्हा गर्दी झाली.

येथे एक विसंगती लक्षात घ्यावी. ड्राइव्ह-इनमध्ये सामाईक छप्पर जाते. पण प्रत्येक कुटुंब आपापल्या मोटारीच्या छपराखाली बसते. आकाश सर्वांवर एक असले तरी हसणे एकत्र होत नाही. शिवाय प्रवेशाची पहिली अट तिकिटाआधी मोटार ही असते.

भारतात अहमदाबादमध्ये १९७३ साली ड्राइव्ह-इन चित्रपटगृह सुरू झाले आणि तेथील एका रस्त्याला ‘ड्राइव्ह-इन रोड’ हेच नाव रूढ झाले. मुंबईत वांद्रे येथे १९७७ मध्ये सुरू झालेले ड्राइव्ह-इन पुढे बंद पडले. २०२१ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातच एका व्यापारसंकुलाच्या गच्चीवर नवे ड्राइव्ह-इन उघडले. मोकळी जमीन उरली नाही, तेव्हा पडदा गच्चीवर गेला.

४.३.५ स्वित्झर्लंड आणि फिनलंड : पाऊस आणि न मावळणारा सूर्य

स्वित्झर्लंडमधील लोकार्नो या गावी १९४६ पासून चित्रपट महोत्सव भरतो. १९७१ पासून ऑगस्टमधील त्याचे रात्रीचे खेळ ‘पियाझ्झा ग्रान्दे’ या गावच्या मुख्य चौकात होतात. सुमारे आठ हजार प्रेक्षक बसू शकतील एवढा हा चौक आणि २६ मीटर रुंद, १४ मीटर उंच पडदा. डोंगराळ प्रदेशातील उन्हाळी पाऊस येथे अवेळी येतो. महोत्सवाने त्यावर दुहेरी उपाय केला आहे : चौकातला खेळ शक्यतो चालू ठेवायचा आणि तोच चित्रपट एका बंदिस्त सभागृहातही दाखवायचा. रेनकोट घालून चौकात बसून राहणारे प्रेक्षक तरीही असतात. स्वित्झर्लंडच्या वीस फ्रँकच्या नव्या नोटेवर या चौकातील पडद्याचे चित्र आहे. एका तात्पुरत्या पडद्याला एखाद्या राष्ट्राने दिलेला हा मान लक्षणीय आहे.

फिनलंडमधील सोदान्क्युला हे गाव उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडे आहे. तेथे १९८६ पासून जूनमध्ये ‘मध्यरात्रीचा सूर्य’ या नावाचा चित्रपट महोत्सव भरतो. जूनमध्ये तेथे सूर्य मावळतच नाही. मग अंधार कोठून आणावयाचा? तेथे सर्कशीसारखा मोठा तंबू उभारतात. तंबू सूर्याला बाहेर ठेवतो. मध्यरात्रीचा खेळ संपवून प्रेक्षक बाहेर पडतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांवर लख्ख ऊन येते.

४.३.६ महाराष्ट्र : तंबू, पडदा आणि रस्ता

सोदान्क्युलाच्या तंबूवरून आपण स्वाभाविकपणे आपल्या तंबूकडे येतो. मराठी तंबूचे काम वेगळे होते. तो मुख्यतः तिकीट न काढणाऱ्याला बाहेर ठेवी. वर कापड असले तरी त्याला पक्के छप्पर म्हणता येत नाही. वारा, धूळ, पौषातली थंडी आणि बाहेरच्या पाळण्यांचा, भोंग्यांचा कल्लोळ आत येतच असे. म्हणून खुल्या आणि बंदिस्त यांच्या सीमेवरचे उदाहरण म्हणून त्याचा येथे समावेश केला आहे.

भारतीय चित्रपटव्यवसायाची एक मुळी तंबूतच आहे. सुरतचे अब्दुलअली युसुफअली १९०१ पासून प्रक्षेपक आणि तंबू घेऊन आग्नेय आशियात फिरले आणि १९०८ नंतर भारतात खेळ करू लागले. १९१४ मध्ये त्यांनी अर्देशीर इराणी यांच्यासह मुंबईत कायमचे चित्रपटगृह चालविण्यास घेतले. या दोघांच्याच ‘मॅजेस्टिक’ चित्रपटगृहात १९३१ मध्ये ‘आलमआरा’ हा पहिला भारतीय बोलपट झळकला. तंबूतून कमावलेल्या अनुभवावर छपराचा व्यवसाय उभा राहिला.

पुढे दीर्घकाळ पश्चिम महाराष्ट्रातील जत्रा-यात्रांतून टुरिंग टॉकीज फिरत राहिल्या. मालमोटारीत प्रक्षेपक, तंबू, भोंगे. दिवाळीनंतर हंगाम सुरू आणि मृगाच्या आधी बंद, असे हे ऋतुचक्र. प्रेक्षक जमिनीवर बसत. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. ब्रूमच्या जागांशी याची तुलना करताना घाई करू नये. ही विभागणी स्त्रियांवरील बंधनाची खूण होती हे खरे. आणि ती असल्यामुळेच घरातून स्त्रियांना सिनेमाला जाण्याची मुभा मिळे, हेही खरे. फितीकडून संगणकीय प्रक्षेपणाकडे जाताना या व्यवसायाची झालेली ओढाताण शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या २०१६ च्या माहितीपटात दिसते. गजेंद्र अहिरे यांच्या २०१३ च्या ‘टुरिंग टॉकीज’ या मराठी चित्रपटाची पार्श्वभूमीही हीच आहे.

तंबूलाही जेथे फाटा मिळाला, ते उदाहरण गणेशोत्सवाचे. रस्त्यावर आडवा पांढरा पडदा ताणून मंडळे चित्रपट दाखवीत. तिकीट नाही, दार नाही. पाहावयास येईल तो प्रेक्षक. पुढे जागा न मिळालेले पडद्याच्या मागे बसत. त्यांना श्रेयनामावली उलटी दिसे आणि नायक डावखुरा होई; पण ऐकू तेच येई आणि हसणे एकाच वेळी होई. चारही सूत्रांवरील नियंत्रण येथे सर्वांत सैल होते. भाद्रपदातला पाऊस केव्हाही येई. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास मनाई केली. वर्षातून ठरावीक दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्यशासनाला आहे. झोपेचा हक्क आणि सामुदायिक आनंद यांतील हा तोल अथेन्सच्या बागेत आणि आपल्या गल्लीत सारखाच अवघड आहे.

४.३.७ तौलनिक विचार

वरील उदाहरणांतून दोन निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, प्रत्येक समाज आपल्या आकाशाशी वेगळी तडजोड करतो. अथेन्सला आवाज सांभाळावा लागतो, लोकार्नोला पाऊस, सोदान्क्युलाला प्रकाश आणि महाराष्ट्राला मृगाचा मुहूर्त. या तडजोडीतूनच त्या त्या ठिकाणच्या सिनेमाला स्वतःचे रूप येते. दुसरा निष्कर्ष असा की, अंधार, आवाज आणि हवामान यांच्या अडचणींवर तंत्रज्ञान उत्तर शोधते; प्रवेशाचा प्रश्न मात्र समाजाच्या निर्णयाचा असतो. ब्रूमची वेगळी दारे, मोटारीची अट आणि गणेशोत्सवाचा बिनतिकिटाचा पडदा हे तीन वेगळे निर्णय आहेत. वर आकाश तिन्ही ठिकाणी मोकळेच आहे. म्हणून कोणत्याही खुल्या चित्रपटगृहाचे मूल्यमापन करताना तेथे कोण बसू शकते, हा प्रश्न अग्रक्रमाने विचारावा.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
आ) योग्य पर्याय निवडा.
१) पहिले ड्राइव्ह-इन चित्रपटगृह ...... साली सुरू झाले. (१९१६ / १९३३ / १९४६)
२) सोदान्क्युला येथे तंबूचा मुख्य उपयोग ...... बाहेर ठेवण्यासाठी होतो. (पाऊस / प्रकाश / आवाज)
३) रस्त्यावरील पडद्याच्या मागे बसलेल्या प्रेक्षकाला अक्षरे ...... दिसतात. (अस्पष्ट / उलटी / लहान)

४.४ सारांश

बंदिस्त चित्रपटगृह अंधार, आवाज, हवामान आणि प्रवेश यांवर नियंत्रण मिळवून देते. खुल्या चित्रपटगृहात हे नियंत्रण सैल होते. त्याचे आकर्षण आणि अडचणी दोन्ही यातूनच निर्माण होतात. निरनिराळ्या भाषांनी त्याला ऋतू, हवा, मोटार किंवा कापड यांवरून नावे दिली. जमिनीचे भाव, कालगणनेतील बदल, ध्वनीचे नियम आणि संगणकीय प्रक्षेपणाचा खर्च यांमुळे अनेक खुले पडदे बंद झाले. काही समाजांनी मात्र ते वारसा म्हणून जपले. मोकळे आकाश हे समान प्रवेशाची हमी देत नाही.

४.५ पारिभाषिक शब्द

प्रक्षेपक : चित्रफितीवरील किंवा संगणकीय प्रतिमा पडद्यावर टाकणारे यंत्र.
उपशीर्षके : संवादांचा लिखित अनुवाद, जो पडद्याच्या खालच्या भागात दिसतो.
लक्षणा : मुख्य अर्थाला बाधा आल्याने त्याच्याशी संबंधित दुसरा अर्थ सुचविणारी शब्दशक्ती.
श्रेयनामावली : चित्रपटाच्या निर्मितीत सहभागी असलेल्यांची पडद्यावर दिसणारी यादी.

४.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

अ) १) उन्हाळा या ऋतूला. २) संवाद वाचता येत असल्याने आवाज कमी झाला तरी कथा समजते. ३) लक्षणा.
आ) १) १९३३ २) प्रकाश ३) उलटी

४.७ सरावासाठी स्वाध्याय

१) ‘खुल्या चित्रपटगृहाचे आकर्षण आणि त्याच्या अडचणी यांचे मूळ एकच आहे.’ या विधानाची दोन देशांतील उदाहरणांच्या आधारे चर्चा करा.
२) ब्रूममधील आसनव्यवस्था आणि मराठी तंबूतील स्त्री-पुरुषांची विभागणी यांतील साम्य व भेद स्पष्ट करा.
३) टिपा लिहा : (अ) ड्राइव्ह-इन चित्रपटगृह (आ) ‘खेळ’ आणि ‘टॉकीज’ या शब्दांचा मराठीतील वापर.

क्षेत्रीय कार्य

तुमच्या गावातील वा वस्तीतील साठीपुढील दोन व्यक्तींना, त्यांपैकी एक स्त्री असावी, तंबूतील किंवा रस्त्यावरील सिनेमाविषयी विचारा. तिकीट किती होते, कोण कोठे बसे, कोणाला जाऊ दिले जात नसे, वीज गेली किंवा रीळ तुटले तर लोक काय म्हणत, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. वाक्ये प्रमाणभाषेत बदलू नका. बोलीतील रूपे जशीच्या तशी नोंदवा. तुमच्यापैकी बरेच जण नोकरी-शेती-संसार सांभाळून शिकत आहात. ज्यांनी तो सिनेमा पाहिला, ती माणसे तुमच्या घरात आणि कामाच्या जागी आहेत. तंबू आता क्वचित दिसतो आणि त्याच्याबरोबर वापरातले शब्दही मागे पडत आहेत. त्यांची नोंद करण्याचे हे काम ग्रंथालयात बसून होणारे नाही. ते तुम्हीच करू शकता.